सोडियम-पोटॅशियम पंपाचा डायमर खरा की डिटर्जंटमुळे झालेला? मदत हवी आहे

डुकराच्या किडनीच्या आउटर मेड्युलामधून काढलेल्या सोडियम-पोटॅशियम एटीपेझवर (पेशीच्या मेम्ब्रेनमधला हाच सोडियम-पोटॅशियम पंप) काम करतोय. सी१२ई८ या डिटर्जंटमध्ये विरघळवून जेल फिल्ट्रेशन (कॉलममधून आकारानुसार वेगळं करणं) केलं की दोन पीक येतात, एक अल्फा-बीटा प्रोटोमरचा (एक अल्फा आणि एक बीटा साखळी मिळून झालेलं एकक) वाटतो म्हणजे प्रोटीनचं वजन साधारण १५० किलोडाल्टन, आणि दुसरा त्याच्या दुप्पट, म्हणजे डायमरचा (दोन प्रोटोमरची जोडी) असू शकतो. पण डिटर्जंटचं मायसेल (त्याच्या रेणूंचा गोळा) सोबत चिकटलेलं असतं त्यामुळे नुसत्या कॉलमवरच्या जागेवरून वजन ठरवणं मला पटत नाही.

आत्तापर्यंत केलेलं सांगतो. दोन्ही पीक एसडीएस जेलवर (साखळ्या वेगळ्या करून दाखवणारं जेल) टाकले, दोन्हीत अल्फा आणि बीटा आहेत (सॅम्पल उकळत नाही, उकळलं की अल्फा गोळा होऊन वरच अडकतो). बफरमध्ये पोटॅशियम आहे, सगळं थंडीतच करतो. कॉलमच्या बफरमध्ये फॉस्फॅटिडिलसेरीन (मेम्ब्रेनमधलं एक लिपिड) घातलं की दुप्पट वजनाचा पीक वाढतो, कॉलम कोमट असला की तोच पीक कमी होतो आणि छोटा वाढतो. हे दोन्ही बघून मला तरी वाटतं की हे नुसतं अ‍ॅग्रिगेशन (प्रोटीन कसंही गोळा होणं) नाही, पण एवढ्यावर कोणी मान्य करेल असं नाही.

अडचण अशी की वजन नीट मोजायला लाइट स्कॅटरिंग किंवा अल्ट्रासेंट्रिफ्यूजची सोय नाही आणि एन्झाइम थोडंच उरलंय, त्यामुळे एकच प्रयोग नीट करता येईल. मेम्ब्रेनमध्ये असतानाच ग्लुटारअल्डिहाइडने क्रॉसलिंक करून (जवळची प्रोटीन रासायनिक बंधाने जोडून) मग विरघळवलं तर खरा डायमर दिसेल, की मेम्ब्रेनमध्ये पंप इतके दाटीने असतात की नुसते शेजारी असलेलेही जोडले जातील? आणि तसं असेल तर कंट्रोल कोणता ठेवू?