मदत हवी आहे: कुत्र्यांवर विषप्रयोग, शवविच्छेदन कुणाकडून करून घ्यायचं?

पुण्यात राहते. आज पहाटे सोसायटीच्या आवारात दोन भटकी कुत्री मेलेली सापडली. तोंडाला फेस, पाय ताठ. तिसरं खाजगी दवाखान्यात आहे. लाळ, झटके, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या बघून डॉक्टर म्हणाले, कीटकनाशक असावं. ॲट्रोपिन (त्यावरचं उताऱ्याचं औषध) चालू केलंय. भिंतीपाशी खिम्याचे गोळे पडलेत, त्यांवर टोपली पालथी घातलीय.

चौकीत ऐकवलं, "उन्हाने मेली असतील, अर्ज देऊन जा." दवाखान्यातल्या डॉक्टरांचं पत्र चालेल का? पालिकेची गाडी कधीही येईल.

उत्तर (निवृत्त पशुवैद्यक):
ताई, आधी ती गाडी थांबवा. एकदा पुरलं की सगळं संपलं.

खाजगी डॉक्टरांचा केसपेपर जपा, जिवंतपणीची लक्षणं त्यातच आहेत. पण शवविच्छेदन पोलिसांच्या लेखी पत्रावर सरकारी पशुवैद्यकाकडूनच करून घ्या, कोर्टात तेच टिकतं. तोवर शव बर्फात ठेवा, पण गोठवू नका, पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही.

जठर व त्यातलं अन्न, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत, मिठाच्या संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) द्रावणात प्रयोगशाळेत जातात. त्याच द्रावणाची एक कोरी बाटलीही सोबत द्यावी लागते, नाहीतर विष मिठातूनच आलं असं वकील म्हणणार! विष तपासायच्या नमुन्यांना फॉर्मेलिन (अवयव टिकवायचं रसायन) लावू देऊ नका. खिम्याचे गोळे पंचनामा करूनच उचलायचे. सील आणि सह्या नीट नसतील तर प्रयोगशाळेचा उत्तम अहवालही वाया जातो, हे मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून पाहिलंय. कुत्र्याने काय खाल्लं आणि ते कशाने मेलं, एवढंच डॉक्टर सांगतो. विष कुणी टाकलं, ते सीसीटीव्ही सांगेल. फुटेज आजच मागून घ्या.

उत्तर (वकील):
अर्ज नको, एफआयआर मागा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, विष देऊन प्राणी मारल्यास ५ वर्षांपर्यंत कैद. नुसतं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याचं कलम ११ लावलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, वडापावचे पैसे! चौकीने नकार दिला तर पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार टपालाने पाठवा.

धागाकर्ती:
खूप आभार. गाडी थांबवलीय, बर्फ आणायला भाऊ गेलाय. दवाखान्यातल्या कुत्र्याची उलटी डॉक्टरांनी डबीत ठेवलीय, ती चालेल?

उत्तर (निवृत्त पशुवैद्यक):
चालेल, फार कामाची आहे. डबी डॉक्टरांकडेच फ्रीजमध्ये राहू दे. तारीख, वेळ, सही घालायला सांगा आणि पोलिसांना तिथूनच ताब्यात घेऊ द्या.