अनुभव धागा: प्लॅन १०० चा, घरात येतात किती?

विश्रामबागकर

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. गेल्या महिन्यापासून त्याच चौकटीत दुधाखाली मी आणखी दोन आकडे लिहायला लागलोय, नेटच्या वेगाचे, सकाळी सातचा आणि रात्री नऊचा. ४ तारखेला ९३ आणि १६. ५ ला ९४ आणि १३. ६ ला रविवार, ८८ आणि ९. दूध रोज दीड लिटर.

नेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, वेग त्यातच मोजतात. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले, वर १८ टक्के जीएसटी. लेक पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते, तिच्या मीटिंगा रात्रीच्या. नऊ वाजले की पडद्यावर तिचा चेहरा गोठतो आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. कस्टमर केअरला फोन लावला तर पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, प्लॅनमध्ये अप टू हंड्रेड लिहिलंय." गवळ्यानं 'दीड लिटरपर्यंत' म्हणून पाव लिटर घातलं तर आमची ही त्याला दारात तरी उभी करेल का?

सांगली-मिरज-कुपवाड आणि आजूबाजूच्या मंडळींनी आपापलं लिहावं. कंपनीचं नाव नको; जाहिरातही नको, बदनामीही नको. किती वाजता मोजलं, वायर लावून की वायफायवर, आणि शेवटी नेमकं कशानं सुटलं (किंवा नाही सुटलं) ते लिहा. 'सगळ्या कंपन्या चोर' एवढंच लिहायचं असेल तर ते आपल्याला पाठ आहे, त्यापेक्षा चहा घ्या.

मिरजेची सून

आमचा प्लॅन २०० चा आणि लॅपटॉपवर कायम ९४. सकाळी ९४, दुपारी ९४, मध्यरात्री उठून बघितलं तरी ९४. महिनाभर भांडले. तीनदा माणूस आला आणि तीनदा राउटर बंद-चालू करून गेला.

दिवाळीला दिराचा मुलगा आला, तो पुण्यात आयटीआय करतो. म्हणाला, "काकू, आकडा एवढा हलत नसेल तर लाईनचं दुखणं नाही, कुठंतरी कुलूप लागलंय." हॉलमधून बेडरूमला जाणाऱ्या लॅन वायरीचं टोक त्यानं कापलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. जॅकमध्ये बसवलेल्या चारच. तपकिरी आणि निळी जोडी मागं दुमडून काळ्या टेपखाली गाडलेली. घर बांधताना इलेक्ट्रिशियननं चार तारांत भागवलं होतं. चार तारांवर १०० च्या वर काही जात नाही, आणि त्यातले हातात ९४-९५ पडतात. आठही तारा बसवून नवा जॅक दाबला, १९० च्या वर गेलं.

सतारीच्या गावात तारा मोजायला पोरगं पुण्याहून यावं लागलं! कंपनीला फोन करून सॉरी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

हळदपेठ

माझं थोडक्यात, कारण लाज आहे. १०० चा प्लॅन घेतला आणि मोठी फाईल उतरवताना ११.५ दिसायला लागलं. दुकानात बसून एका पोराला फोनवर इतकं झापलं की मुनीमजी कॅल्क्युलेटर सोडून बघायला लागले. नंतर कळलं की कंपनी मेगाबिट विकते आणि कॉम्प्युटर मेगाबाईट दाखवतो. आठ बिटचा एक बाईट, म्हणजे १०० चे साडेबारा. मला चोख माल मिळत होता. क्विंटल आणि मणात गल्लत केली तर माझे वडील मला पेठेत पाय ठेवू देणार नाहीत, आणि इथं मी तेच केलं.

केबलवाला

मी तुमच्यातलाच, पण पलीकडच्या बाजूचा. आधी टीव्हीची केबल होती, आता नेट देतो. शिव्या खायची सवय आहे, त्यामुळं मोकळेपणानं लिहितो.

विश्रामबागकर काका, तुमचं दुखणं तुमच्या घरात नाही. सकाळी ९३ येतात म्हणजे वायर, राउटर, फायबर सगळं शाबूत आहे. रात्री पडतंय म्हणजे मागं गर्दी आहे. कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या बघितल्यात ना? ऊस टाकायची गव्हाण तेवढीच, आणि गाड्या एकदम आल्या की रात्र रस्त्यावर. आमचंही तसंच. वरच्या मोठ्या कंपनीकडून आम्ही ठरावीक बँडविड्थ, म्हणजे सगळ्यांत मिळून वाटायचा वेग, विकत घेतो आणि तिच्या कितीतरी पट बेरजेचे प्लॅन घरोघरी विकतो. माझ्याकडं ३०० घरं आहेत. सगळ्यांना एकाच क्षणी १०० द्यायचे तर ३० जीबीपीएस, म्हणजे ३०,००० एमबीपीएस, लागतील. तेवढे कुणीच घेत नाही, मीही नाही. सगळे एकदम वापरत नाहीत या भरवशावर धंदा चालतो, आणि एरवी चालतोही. आयपीएलच्या दोन महिन्यांत भरवसा संपतो. त्यातच मालकानं नवीन २०० कनेक्शन जोडली आणि वरची बँडविड्थ वाढवली नाही, की तुमच्या कॅलेंडरवर १६ आणि १३ उमटतात.

फायबरमध्येही वाटणी असते. चौकातल्या एका धाग्यातून स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरं काढतात. त्या धाग्यावर उतरायला अडीच जीबीपीएसच्या आसपास असतात. पण खरं सांगू का, गर्दी बहुतेक वेळा तिथं नसते. ती वर असते, जिथं पैसे लागतात.

फायबर म्हणजे काचेचा धागा, नेट त्यातून प्रकाशानं येतं. प्रकाश कमी पडतो तेव्हा वेगळं होतं. फायबर जिथं संपतं त्या भिंतीवरच्या डब्यात, म्हणजे ओएनटीत, किती प्रकाश येतो ते आमच्या मीटरवर उण्यात दिसतं. उणे २० च्या आसपास म्हणजे छान. उणे २७ च्या पलीकडं गेला की लाईन धरसोड करते. एलओएसचा लाल दिवा लुकलुकायला लागला तर प्रकाशच येत नाही. मग राउटर शंभरदा बंद-चालू करा, काही होत नाही. कुठंतरी जेसीबीनं रस्ता खणलाय, नाहीतर कुणीतरी फायबरवर वाळत घातलंय. हसू नका. गच्चीवरनं गेलेल्या फायबरवर गोधडी टाकली की वाकलेल्या जागी प्रकाश बाहेर सांडतो. २०१९ च्या पुरानंतर आम्ही स्विचचे डबे गच्चीवर नेले, तेव्हापासून पाण्याची भीती गेली आणि गोधड्यांची आली.

माणूस घरी आला की त्याला "प्रकाश किती येतोय ते दाखव" एवढं म्हणा. उत्तर आलं नाही तर मीटर गाडीत आहे. मीटर गाडीतसुद्धा नसेल तर त्याला नुसतं तोंड दाखवायला पाठवलंय.

गावभागातली शिकवणी

मी ऑनलाइन गणित शिकवते. दोन महिने संध्याकाळी वर्ग तुटत होते. तक्रार कशी पुढं नेली ते लिहिते, कारण तिथं बहुतेक जण थकतात.

फोनवर "नोंद घेतली" म्हणाले की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागायचा. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजायचं. मी पहिल्या तीन वेळा नंबर घेतलाच नव्हता, ते तीन आठवडे पाण्यात. नंबर असूनही सुटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांत ती सोय आहे. तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा, आणि पैसे पडत नाहीत. त्यांचा पत्ता कंपनीच्या साइटवर असतो, पण शोधायला चष्मा लागतो.

मी उतावीळपणे आधी ट्रायला लिहिलं होतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, नियम करणं त्यांचं काम. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला मात्र फोन केला, तिथून कंपनीला पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी मला "मॅडम" म्हणणारा माणूस आला. शेवटी एका महिन्याचं बिल माफ झालं. वर्ग अजून अधूनमधून तुटतो.

हळदपेठ

ताई, ग्राहक आयोगात गेला नाहीत का?

गावभागातली शिकवणी

नाही गेले. माझ्या वकील भावानं सांगितलं की आधी कंपन्या २००९ च्या एका निकालावर बोट ठेवून 'लवादाकडं जा' म्हणायच्या, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्राहक आयोगातही जाता येतं असं स्पष्ट केलं. आपल्यासारख्या किरकोळ रकमेच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. पण दहावीचा सराव चालू होता. तारखांना जाऊ की पोरांना त्रिकोणमिती शिकवू?

शाहूपुरी, सातारा

सातारकरानं घुसलं तर चालेल ना? आमच्याकडं उलटंच. स्पीडटेस्ट लावली की १०० पैकी ९७, आणि व्हिडिओ लावला की गोल फिरतंय. टेक्निशियन आला, माझ्याच मोबाईलवर टेस्ट लावली, ९७ दाखवले आणि माझ्याकडं असं बघितलं की पेढे मागतोय. नंतर लक्षात आलं, टेस्टचा सर्व्हर त्याच कंपनीचा होता. घरातून निघून त्यांच्याच अंगणापर्यंत जाऊन यायचं, तिथं गर्दी कसली? मी सर्व्हर बदलून मुंबईचा दुसराच निवडला. रात्री साडेनऊला २१.

पुढच्या वेळी दोन्ही आकडे त्याच्यासमोर लावले. तो प्रामाणिक निघाला, म्हणाला, "काका, वरनंच कमी आहे, माझ्या हातात काही नाही." मी कनेक्शन सोडलं. डबा परत करताना पावती घ्या हो! मी घेतली नव्हती, आणि डिपॉझिटचे १,५०० रुपये अजून 'प्रोसेसमध्ये' आहेत.

कुपवाड शिफ्ट

आमच्या रूमवर सहा पोरं. 'अनलिमिटेड' म्हणून घेतलं, २० तारखेनंतर नेट मरायला टेकलं. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ३३०० जीबीनंतर वेग कमी. एवढं कोण वापरतंय म्हणून राउटरमध्ये शिरून बघितलं तर २३ मोबाईल जोडलेले. खालच्या वडापाववाल्याला एकानं पासवर्ड दिलेला आणि त्यानं तो गिऱ्हाइकांसाठी पाटीवर लिहिलेला. कंपनीची चूक शून्य. वडापाव मात्र आता फुकट मिळतो.

ढालगावकडचा

तुम्ही १०० चे ९ आले म्हणून रडताय, आम्ही ९ आले तर पेढे वाटू. वस्तीवर फायबर नाही. मोबाईल टॉवरकडं तोंड करून खिडकीत डबा लावलाय, पवनचक्क्यांच्या रांगेकडची खिडकी. दिवसा ५-६, रात्री ३. केबलवाले दादा, यालाही ब्रॉडबँड म्हणतात का?

केबलवाला

कागदावर म्हणतात. जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस असेल तर ते ब्रॉडबँड, त्याआधी ५१२ केबीपीएसवरच भागायचं. डबा खिडकीतून काढून गच्चीवर पाइपला लावून बघा. भिंतीची आणि गजांची आड गेली तर फरक पडतो. डब्याच्या सेटिंगच्या पानावर सिग्नलचा आकडा दिसतो, एकानं वर फिरवायचं आणि दुसऱ्यानं खालनं आकडा ओरडून सांगायचा. जुना अँटेना लावायचो तसंच.

ढालगावकडचा

लावला. बायको खालनं ओरडली, गल्ली जमली. दिवसा १८, रात्री ७. पेढे सातारकरांनी आणावेत.

विश्रामबागकर

उशिरा लिहितोय. केबलवाले दादांचं वाचून कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढला, दुधासकट, आणि कंपनीला मेल केला. सोबत एवढंच लिहिलं की सगळे आकडे लॅपटॉपला वायर लावून घेतलेत, सकाळी पूर्ण वेग येतो, तेव्हा राउटर बंद-चालू करणारा माणूस कृपया पाठवू नये. मागची बँडविड्थ कधी वाढवणार ते लेखी कळवावं. आठवडाभर काही नाही. मग गावभागच्या ताईंनी सांगितलं तसं अपील टाकलं. अकराव्या दिवशी त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला, आमचा भाग दुसऱ्या लिंकवर टाकला म्हणाला. त्या रात्री ७४. परवा ६८. काल ८१.

पडलेल्या दिवसांचे पैसे कापून द्या म्हटलं तर ती गोड आवाजाची पोरगी परत 'अप टू'वर आली. नवा डॉकेट नंबर घेतलाय. तो चौदा आकडी आहे, कॅलेंडरच्या चौकटीत मावेना, म्हणून दूध शेजारच्या तारखेत सरकवलंय.