वाचनालयाच्या सॉफ्टवेअरला बिऱ्हाड कुठे थाटायचं?

कर्वेनगरी
आमचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. छोट्या वाचनालयांना पुस्तकांच्या नोंदी, देवघेव आणि वर्गणी सांभाळायला. करणारे आम्ही सहा जण, सगळे नोकरदार, रविवारी सकाळी चहावर जमतो तेवढाच प्रकल्प. सध्या अकरा वाचनालयं वापरतात. सर्व्हर अजून सेंटओएस ७ या लिनक्सच्या प्रकारावर आहे. त्याचं आयुष्य ३० जून २०२४ ला संपलं, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झाल्या, आणि तेव्हापासून आमचं ‘पुढच्या रविवारी बघू’ चाललंय.

माझं मत सांगून टाकतो: डेबियन (हाही लिनक्सच), आणि महिन्याच्या भाड्याचं एक छोटं व्हीपीएस, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मशीनमधला आपल्यापुरता तुकडा. डेबियनची आवृत्ती तीन वर्षं आणि वर एलटीएसची (वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची) दोन, अशी पाच वर्षं निघते. मालक कंपनी नसल्यामुळे एका सकाळी कुणी धोरण फिरवत नाही. सेंटओएस ८ ला मालक कंपनीचा २०२९ पर्यंतचा शब्द होता. डिसेंबर २०२० मध्ये कळलं की ३१ डिसेंबर २०२१ लाच गाशा गुंडाळायचा. एकदा पोळलोय, आता ताकही फुंकून पिणार. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

जेलर
माझं आहे. फ्रीबीएसडी, लिनक्ससारखीच पण वेगळ्या घराण्यातली सिस्टीम. तुम्ही लोक आज कंटेनर कंटेनर करता, म्हणजे एकाच मशीनवर प्रत्येक प्रोग्रामला वेगळी बंद खोली, तिकडे त्यासाठी जेल २००० सालापासून आहेत. झेडएफएस ही फाइलसिस्टीम घरचीच. अपग्रेडच्या आधी बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टीमची जपून ठेवलेली प्रत) करून ठेवायचं, बिघडलं तर मागच्या अवस्थेतून मशीन सुरू करायचं, दहा मिनिटांत चहा प्यायला मोकळे. मॅन्युअल वाचून समजतं, हे तर लिनक्सवाल्यांना सांगूनही पटत नाही.

रविवारचा गडी
@जेलर, सगळं खरं. पण तू मागच्या वर्षी दोन महिने परदेशी होतास. त्या दोन महिन्यांत काही पडलं असतं तर ते मॅन्युअल उघडून बसणारा आमच्यात कोण होता? कॉलेजातून येणारी पोरं उबुंटूवर शिकून येतात, त्यांना डेबियन दिलं तर फारसं अडत नाही. स्वयंसेवकांच्या कामात सगळ्यात चांगली सिस्टीम कुठली, हे विचारूच नये. सगळ्यात कमी हुशार माणसाला रात्री साडेअकराला कुठली झेपेल ते विचारावं. (तो माणूस मीच आहे.)

जेलर
म्हणजे कुणी शिकायचंच नाही?

रविवारचा गडी
शीक की. वाचनालयांच्या वर्गणीच्या हिशेबावर शिकू नकोस, एवढंच.

ढगातला
व्हीपीएस म्हणजे २०१२ साली राहणं. डेटाबेस मॅनेज्ड घ्या, म्हणजे क्लाउड कंपनीनेच सांभाळलेला, बॅकअप, पॅच सगळं त्यांच्या गळ्यात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचं ‘सेंट्रल इंडिया’ तर इथे पुण्यातच आहे, २०१५ पासून. डेटा पुण्याबाहेर जाऊ द्यायचा नाही अशा अस्सल लोकांचीही सोय झाली.

हिशेबनीस
पैसे गोळा करणारा मी आहे, म्हणून बोलतो. वर्गणी काढून आमच्याकडे महिन्याला दीडेक हजार जमतात. २ जीबी रॅमचं व्हीपीएस १२ डॉलरला मिळतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, कार्डाचा परकीय चलनाचा आकार, म्हणजे बाराशेच्या पुढे गेलोच. पण आकडा ठरलेला असतो, झोप लागते. मोठ्या क्लाउडवर बाहेर जाणाऱ्या डेटाचं मीटर पडतं. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबईत पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीमागे ११ सेंटच्या आसपास. आपल्याकडे साडेतीन हजार मुखपृष्ठांचे फोटो आहेत आणि हल्ली बॉट (आपोआप साइट चाळणारे प्रोग्राम) रात्रभर तेच ओरपत बसतात. त्याचं बिल मी कुणाकडे मागू? ना-नफा संस्थांना सवलत असते म्हणाल, तर आपली संस्था नोंदलेलीच नाही.

शिवाय कार्ड. १ ऑक्टोबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेचे आपोआप वसुलीचे नियम लागू झाले तेव्हा परदेशी कंपन्यांच्या कितीतरी वसुल्या अडकल्या. आपला सर्व्हर तेव्हा तीन दिवस बंद होता, तांत्रिक दोष शून्य.

पेठेतला
एवढी बिलं कशाला? पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुना ऑफिसवापरातला पीसी उचला, माझ्या माळ्यावर ठेवा. फायबर आहे, इन्व्हर्टर आहे.

कर्वेनगरी
काका, मन मोठं आहे तुमचं, पण हा प्रयोग मी माझ्या घरी केलाय. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की इन्व्हर्टर चालू होईपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट. पंख्याला कळत नाही, डेटाबेसला कळतं. वर फायबरवाल्यानं स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) दिलेलाच नव्हता, सगळी सोसायटी एका पत्त्यामागे. वाचनालयांनी जोडायचं कुठे?

अकारविल्हे
मी प्रोग्रामर नाही, तुमच्या अकरातल्या एका वाचनालयाचं संगणकाचं काम बघतो. तुमचा वाद चालू द्या, पण आमच्या बाईंची तक्रार ऐका. ढगातल्यांनी मध्यंतरी चाचणीसाठी जो नवा सर्व्हर दाखवला, त्यात ‘ज्ञानेश्वरी’ ज मध्ये गेली, ‘जोगवा’ आणि ‘ज्योतिष’ यांच्यामध्ये. ‘क्षितिज’ क च्या शेपटाला. बाईंनी चाळीस वर्षं कार्डं लावली आहेत: ह, ळ, क्ष, ज्ञ, हे शेवटी. त्या म्हणाल्या, “यंत्राला बाराखडी येत नाही का?” जुन्या सर्व्हरवर निदान त्यांनी जुळवून घेतलं होतं.

ढगातला
ती माझी चूक. डेटाबेसचा कंटेनर अल्पाइन या छोट्या लिनक्सचा घेतला होता, लहान असतो म्हणून. त्यातल्या मसल लायब्ररीला भाषेप्रमाणे क्रम लावणं येत नाही, ती नुसती युनिकोडच्या क्रमांकाने लावते. तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आणि क्ष म्हणजे क ला जोडलेला ष.

कर्वेनगरी
हा मुद्दा मी धागा काढताना पाहिलाच नव्हता. आपण होस्टवर भांडतोय आणि बाराखडी कंटेनरच्या आत अडकलीय. उपाय पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे आपल्या डेटाबेसमध्येच आहे. आवृत्ती १० पासून आयसीयूचा (भाषांचे नियम माहीत असलेल्या लायब्ररीचा) क्रम वापरता येतो. पुस्तकाच्या नावाच्या कॉलमला मराठी कोलेशन (क्रमाचा नियम) लावलं की बाईंचा क्रम मिळतो, मग खाली डेबियन असो की फ्रीबीएसडी.

जेलर
हेच म्हणतोय मी!

कर्वेनगरी
नाही, तू वेगळंच म्हणत होतास.

आणि एक. सेंटओएस ७ मधली ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी, २.१७ ची आहे; सध्या क्रम तीच लावते. २.२८ मध्ये क्रमाचे नियम बदलले. डेटाबेसची डिरेक्टरी तशीच नव्या मशीनवर उचलून ठेवली तर मजकुरावरचे इंडेक्स (डेटाबेसच्या शोधसूच्या) जुन्या क्रमाने, शोध नव्या क्रमाने.

अकारविल्हे
म्हणजे चाचणीत आमचा एक सभासद दोनदा आला होता तो…

कर्वेनगरी
ढगातल्या, डिरेक्टरी कॉपी केलीस का?

ढगातला
आरसिंकने, जशाच्या तशा फायली. लवकर होतं म्हणून.

कर्वेनगरी
डेटाचा डंप (साध्या मजकुरातली प्रत) काढायचा आणि नव्या ठिकाणी भरायचा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधले जातात. नाहीतर रीइंडेक्स, म्हणजे जागच्या जागी इंडेक्स पुन्हा बांधणं. ते काम माझ्याकडे.

जेलर
डेबियनला विरोध मागे घेतो, पण बॅकअपची जागा तरी माझ्या झेडएफएसवर द्या. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते ते बसले बोंबलत.

हिशेबनीस
फुकट असेल तर मंजूर.

रविवारचा गडी
ठीक, मग डेबियन. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी नोंद) नव्या आयपीकडे कोण वळवतंय? डोमेन कुणाच्या नावावर आहे?

हिशेबनीस
आपल्यातून तीन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला त्याच्या. नूतनीकरण या महिन्याच्या २६ ला, कार्डही त्याचंच.

रविवारचा गडी
विचारलं त्याला?

हिशेबनीस
परवा व्हॉट्सअ‍ॅप केलाय. अजून एकच टिक आहे.