राजनिष्ठांच्या बायकांची घरं जप्त करणं योग्य होतं का? (अमेरिका, १७७८)

जुना_वाडा:
अमेरिकन क्रांती म्हटली की वॉशिंग्टन आठवतो, समुद्रात फेकलेला चहा आठवतो. राजाच्या बाजूने राहिलेल्यांच्या बायकांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. फिलाडेल्फियातली ग्रेस गॅलोवे घ्या. नवरा जोसेफ पेनसिल्व्हेनियाच्या प्रांतिक सभेचा माजी सभापती, इंग्रजांना मिळालेला. जून १७७८ मध्ये इंग्रज फौजेने शहर सोडलं, तेव्हा तोही मुलीला घेऊन गेला. ग्रेस एकटी मागे राहिली, कारण तिला वडिलांकडून मोठी इस्टेट आली होती आणि ती लेकीला मिळावी म्हणून तिची धडपड चालली होती.

ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांच्या सरकारचे जप्तीवाले आले. त्यांच्यात चार्ल्स विल्सन पील होता, वॉशिंग्टनची चित्रं काढणारा तोच. ग्रेसने दारं आतून लावून घेतली. त्यांनी स्वयंपाकघराचं दार घासायच्या ब्रशने उचकटलं, ब्रशचे तुकडे झाले. पीलने तिचा दंड धरला. उंबऱ्यावर थांबून तिने सगळ्यांना बजावलं, मी माझ्या मर्जीने घर सोडत नाहीये, लक्षात ठेवा.

माझ्या मते ही सरळ लूट होती. तेव्हाच्या कायद्याने माहेरच्या जमिनीवर हक्क नवऱ्याचा, आणि नवरा फितूर ठरला की जमीनही गेली!

रोखठोक:
लूट कसली? इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतल्यावर हाच जोसेफ तिथे पोलीस कारभाराचा प्रमुख झाला होता. शत्रूला मिळालेल्या सरदाराचं वतन आपल्याकडे तरी कुणी राखलं असतं का? आणि बाईसाहेबही काही गरीब गाय नव्हत्या. त्यांची रोजनिशी वाचा, तुच्छता ओसंडून वाहते.

लेकुरवाळी:
@रोखठोक, तुच्छतेबद्दल जप्ती होत नाही हो! वतन जप्त करा, पण ते कुणाचं हे आधी बघा. मॅसॅच्युसेट्सचा १८०५ चा खटला आहे. ॲना मार्टिन नवऱ्याबरोबर निघून गेली, तिच्या वाट्याची जमीन सरकारने घेतली. मुलगा कोर्टात गेला आणि जिंकला. कशाच्या जोरावर? तर बायकोने नवऱ्याचं ऐकायचंच असतं, तिला स्वतःची राजनिष्ठा कुठली, मग ती द्रोही कशी? हसावं की रडावं कळेना.

बोरीबंदर_लोकल:
तुम्ही सगळे हवेल्यांतच अडकलात. १७८१ मध्ये इंग्रजांचं जहाज पोटोमॅक नदीत आलं आणि वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नॉन या मळ्यावरून १७ गुलाम त्यावर पळून गेले. त्यांत डेबोरा नावाची मुलगी होती. १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून निघताना, सोबत नेलेल्या काळ्या माणसांच्या इंग्रजांच्या वहीत तिची नोंद झाली, वय वीस. आमचे गुलाम परत द्या, असं वॉशिंग्टन स्वतः इंग्रज सेनापती कार्लटनला सांगत होता. कार्लटनने नकार दिला. आता सांगा, डेबोराने कुणाशी गद्दारी केली?

रोखठोक:
डेबोरा मान्य. पण राजाचे गोडवे नकोत. राजनिष्ठ गोऱ्यांनी जाताना आपापले हजारो गुलामही बरोबर नेलेच की. यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न संपत आल्यावर आसऱ्याला आलेल्या काळ्या माणसांना इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने बाहेर हाकललं. हाच पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, टिपूवर चालून जाताना मराठे त्याच्याबरोबर होते.

जुना_वाडा:
डेबोराचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. तिला आणि ग्रेसला एका पंगतीला बसवणं चूकच. तरी ग्रेसचं एक सांगतो. भाड्याच्या खोल्यांत राहताना तिने लिहिलंय की मनासारखं वागायची मोकळीक मिळाल्यामुळे ही गरिबीसुद्धा लग्नानंतरच्या सगळ्या काळापेक्षा बरी वाटते. आणि जप्ती होती जोसेफच्या हयातीपुरती. तो आधी गेला असता तर तिचं तिला परत मिळालं असतं.

रोखठोक:
म्हणजे बाई नवरा मरायची वाट बघत होत्या?

लेकुरवाळी:
बघत असल्या तरी उपयोग झाला नाही. ती १७८२ मध्ये गेली, लेकीला पुन्हा न भेटता. तो इंग्लंडात १८०३ पर्यंत जगला.