पाण्याचा वाटा माणशी असावा की एकरी?

कऱ्हेकाठ

आमच्या गावात तलावावरून उपसा सिंचनाची सामायिक योजना उभी करण्याचे चालले आहे, आणि पहिल्याच बैठकीत वाद पेटला तो खर्चावरून नव्हे, वाट्यावरून. ज्यांच्याकडे जमीन अधिक, त्यांना पाणी एकरी हवे आहे. माझे मत याच्या विरुद्ध आहे आणि त्याला आमच्याच पुरंदर तालुक्याचा आधार आहे. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानाची सुमारे 40 एकर जमीन कराराने घेऊन प्रयोग सुरू केला आणि त्यातून पाणी पंचायतीचे नियम आकाराला आले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसल्याने जमिनीबरोबर तो विकता येणार नाही, भूमिहीनालाही वाटा, ऊस घ्यायचा नाही, आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. लोकांच्या लक्षात राहते ती ऊसबंदी, पण खरी क्रांती मला पहिल्या नियमात दिसते. पाऊस काही सातबारा पाहून पडत नाही. मग सगळ्या शिवारातून वाहून आलेले पाणी वाटताना तेवढा सातबारा का काढायचा?

पांझराकाठी

सातबारा काढायचा, कारण पाट राखायची जबाबदारीही त्याच हिशेबाने वाटावी लागते. आमच्या धुळे जिल्ह्यातील फड पद्धत काही शतके चालली, ती या एका गोष्टीवर. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक आणि दरसाल पिकांची फेरपालट. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असे, त्यामुळे एकाला ऊस आणि दुसऱ्याला ज्वारी असा पंक्तिप्रपंच उरत नसे. पाटकरी पाणी देई, जागल्या पीक राखी, आणि दोघांचा मेहनताना जमिनीच्या प्रमाणात गोळा होई. ज्याचा वाटा मोठा, त्याच्यावर बोजाही मोठा. आपल्या माणशी हिशेबात बोजा कसा वाटणार? शिवाय अडीच एकराची मर्यादा म्हणजे पाच माणसांवर गणती थांबली. आठ माणसांच्या घरातील तिघे हिशेबातून बाहेरच. भूमिहीनाला पाणी दिले, तरी ते त्याने कोणाच्या रानात सोडायचे, हेही आपण सांगितलेले नाही.

मधला_मार्ग

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. स्पेनमध्ये वलेन्सियाच्या पाटांवर पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला आहे, तर आलिकान्तेत तो जमिनीपासून वेगळा होऊन लिलावात विकला जात असे. सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी या दोन्ही व्यवस्था दीर्घकाळ टिकलेल्यांत धरल्या आहेत. तेव्हा एकरी टिकते आणि माणशी कोसळते, असे म्हणायला जागा नाही. नियम कोणी केला आणि तो मोडणाऱ्याला कोण विचारतो, हे आधी पाहावे.

कोरडवाहू

वलेन्सिया राहू द्या, धुळ्याच्या पांझरा नदीवर या. फड खिळखिळे झाले ते वाट्याच्या भांडणाने नव्हे. वरच्या अंगाला धरणे झाली, खाली विहिरींवर पंप बसले, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. मग पाट उपसायला तो कशाला येईल? आपली योजना माणशी असो वा एकरी, तलावाच्या कडेला एकाने खोल बोअर घेतली की दोन्ही हिशेब कागदावर राहतील. 1882च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी व्यवहारात जमीनमालकाचेच मानले गेले. राज्याचा 2009चा भूजल कायदा 2014 पासून अमलात आहे, पण गावकीत त्याचे नाव घेतलेले मी अजून ऐकलेले नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला, म्हणून तिथे वाटण्याजोगे पाणी राहिले. धागाकर्त्यांनी वाट्याचा प्रश्न पहिला घेतला, इथेच माझा विरोध आहे.

पांझराकाठी

बोअरविषयी सहमत. मात्र बोअरबंदी मान्य करायला मोठ्या शेतकऱ्याला काहीतरी हाती लागले पाहिजे. माणशी वाटा देऊन वर त्याची बोअरही बंद करायला निघालात, तर तो बैठकीलाच येणार नाही.

कऱ्हेकाठ

पाच माणसांच्या मर्यादेचा आक्षेप मला मान्य आहे. ती कुटुंब लहान धरून केलेली तडजोड आहे. भूमिहीनाचे उत्तर मात्र अवघड नाही. त्याने पाण्याच्या वाट्यावर दुसऱ्याचे रान अर्धेलीने करावे. आजवर त्याच्याकडे बोलणी करायला फक्त स्वतःचे हात होते, आता पाणीही असेल. बोजाही माणशीच वाटावा आणि गरिबाने तो श्रमाने फेडावा. बोअरचा मुद्दा मी पुढच्या बैठकीत वाट्याच्या आधी मांडणार आहे. पण ज्यांच्या बोअर आधीच चालू आहेत, त्यांचे पाणी वाट्यात धरायचे की नाही, यावर मला आपल्या दोघांचे मत हवे आहे, कारण तशी दोन घरे आमच्याच भावकीतली आहेत.