मदत हवी आहे : लूपमध्ये लिस्टमधून काढलं की जावा कधी बोंबलते, कधी गप्प बसते

नमस्कार मंडळी. वणीजवळच्या खेड्यातून लिहितोय. मामा कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतात, त्यांच्यासाठी टोकन यादीचा प्रोग्राम करतोय. गाडी आली की नंबर आणि कापसाचा ओलावा ॲरेलिस्टमध्ये (जावातली यादी). हमीभावाला 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, त्यावरची गाडी बाद.

फॉर-ईच (यादीतली एकेक गाडी घेणारा लूप) लावला, आत ओलाव्याचा इफ, त्यात यादीतून काढणारं गाड्या.रिमूव्ह. पाच गाड्यांवर चालवलं. दुसरी ओली ठेवली तर कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन, म्हणजे 'एकाच वेळी बदल' अशी चूक दाखवून प्रोग्राम थांबतो. पाचवी ठेवली तरी तेच. चौथी ठेवली तर मात्र मुकाट्यानं चालते! खुशीत चौथी-पाचवी दोन्ही ओल्या ठेवल्या, तर पाचवी यादीत जशीच्या तशी. हे काऊन होऊन राहिलं भाऊ? थ्रेड (प्रोग्राममधली कामाची रांग) तर एकच आहे, मग 'कॉन्करंट' कसलं?

प्रतिसाद :
त्या नावानं सगळेच फसतात. फॉर-ईचच्या पोटात इटरेटरच असतो, म्हणजे यादीतून एकेक गाडी हातात देणारा. लिस्टमध्ये भर-घट झाली की तिचा मॉडकाउंट (बदलांचा आकडा) वाढतो; इटरेटरनं सुरुवातीचा आकडा टिपून ठेवलेला असतो. दोन्ही जुळले नाहीत की एक्सेप्शन. पण ही तपासणी पुढची गाडी देणाऱ्या नेक्स्टमध्ये होते. अजून गाडी उरली का हे सांगणारा हॅजनेक्स्ट फक्त कर्सर (किती गाड्या पुढे आलो) आणि साइझ (यादीत किती गाड्या) सारखे आहेत का ते बघतो. चौथी काढलीस तेव्हा कर्सर 4 आणि साइझही 4, म्हणून लूपला वाटलं यादी संपली. पाचवीकडे कोणी बघितलंच नाही. पाचवी काढलीस की कर्सर 5, साइझ 4. लूप पुढची मागायला जातो आणि नेक्स्ट अडवतो.
इटरेटर स्वतः घे आणि त्याचंच रिमूव्ह वापर. तो आपला टिपलेला आकडाही बदलून घेतो.

धागाकर्ता :
केलं तसं. एक्सेप्शन गेलं, पण आता ओली गाडी राहते अन् तिच्या मागची कोरडी बाद होते! शेवटची ओली असली तर नोसचएलिमेंटएक्सेप्शन, म्हणजे पुढं गाडीच नाही. इटरेटरचं नाव इट ठेवलंय; इफमध्ये इट.नेक्स्ट().ओलावा तपासतो, आत नंबर छापायला इट.नेक्स्ट().नंबर, मग इट.रिमूव्ह.

प्रतिसाद :
अरे बापा, दोनदा नेक्स्ट! प्रत्येक नेक्स्टला तो एक गाडी पुढे सरकतो, आणि रिमूव्ह शेवटी हातात आलेली गाडी काढतो. ओलावा एकीचा मोजला, पावती दुसरीची फाडली. फेरीत एकदाच नेक्स्ट, ते व्हेरिएबलमध्ये ठेव, पुढचं सगळं त्यावरच.

दुसरा प्रतिसाद :
नुसतं काढायचंच असेल तर जावा 8 पासून रिमूव्हइफ आहे, अटीत बसणाऱ्या सगळ्या काढतं, एका ओळीत काम. आणि इंडेक्सचा (क्रमांक मोजत जाणारा) फॉर लावून रिमूव्ह करायच्या फंदात पडू नको. मागच्या गाड्या एक घर पुढे सरकतात, लागून दोन ओल्या असल्या की दुसरी सुटते.

धागाकर्ता :
झालं राजेहो, चौथी-पाचवी दोन्ही गेल्या. रिमूव्हइफ नाही घेतलं. मामा म्हणतात बाद गाड्यांची वेगळी यादी पाहिजे, लोकं कापूस वाळवून परत येतात. म्हणून इट.रिमूव्हच्या आधी तीच गाडी दुसऱ्या लिस्टमध्ये टाकतोय.