फुटली, वेगळी झाली की फारकत घेतली?

एका भाषांतरात अडले आहे. १८६०-६१ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी 'सिसेशन' केलं, म्हणजे देशाच्या संघातून बाहेर पडल्याचं जाहीर केलं. मी 'विलग झाली' लिहिलं, पण करोनानंतर 'विलगीकरण' म्हटलं की रुग्णालयातली खाट डोळ्यांपुढे येते. दुसरं काय लिहावं?

'फारकत घेतली' लिहा. या शब्दाच्या पोटात कागद आहे. फारसी 'फारिग-खत', म्हणजे मोकळं केल्याचं पत्र. त्यावरून फारखत, मग फारकत. साउथ कॅरोलिनाने नेमकं तेच केलं. २० डिसेंबर १८६० रोजी चार्ल्सटनला १६९ प्रतिनिधींनी एकमुखाने ठराव केला: राज्यघटनेला २३ मे १७८८ रोजी दिलेली संमती रद्द, इतर राज्यांशी असलेला संघ विसर्जित. बंदुका नंतर, आधी कागद. पाठोपाठ मिसिसिपी, फ्लॉरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि १ फेब्रुवारीला टेक्सास. एप्रिलमध्ये दक्षिणेने संघाच्या ताब्यातल्या समटर किल्ल्यावर तोफा डागल्यानंतर आणखी चार, एकूण ११.

शब्द सुरेख आहे, पण तो दक्षिणेच्या तोंडचा झाला. राष्ट्राध्यक्ष लिंकनना ही फारकत मान्यच नव्हती. ४ मार्च १८६१ च्या भाषणात त्यांनी नवरा-बायकोचाच दाखला दिला होता: ती दोघं काडीमोड घेऊन एकमेकांच्या नजरेआड जाऊ शकतात, देशाच्या भागांना ते जमणारं नाही. एकट्या राज्याच्या मर्जीने केलेले असे ठराव त्यांच्या लेखी रद्दबातल. जुलैत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पाठवलेल्या संदेशात तर त्यांनी 'सिसेशन' या शब्दावरच बोट ठेवलं. ते म्हणजे साखरेत घोळलेलं बंड. पुढे १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला की टेक्सास संघाबाहेर कधी गेलंच नव्हतं.

मग 'फुटून निघाली' का नको? एकत्र कुटुंबातला भाऊ वाटणी घेऊन 'वेगळा निघतो' तेव्हा घरच्यांनी ते कसंबसं का होईना, मान्य केलेलं असतं. 'फुटला' म्हटलं की मागे राहिलेल्यांची संमती नव्हती हे आपोआप कळतं. 'स्वतंत्र झाली' मात्र कृपा करून लिहू नका. मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात स्वच्छ सांगितलं होतं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. सुमारे ४० लाख माणसं तेव्हा त्या देशात गुलाम होती. त्यांना तसंच ठेवण्यासाठी केलेल्या धडपडीला स्वातंत्र्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पटलं. निवेदनात 'फुटून निघाली' ठेवते, चार्ल्सटनच्या ठरावापाशी 'फारकत' आणि लिंकनच्या तोंडी 'बंड'. राहता राहिला वेस्ट व्हर्जिनिया. संघातच राहायचं म्हणून तिथल्या लोकांनी व्हर्जिनियाची साथ सोडली आणि १८६३ मध्ये काँग्रेसच्या मंजुरीने आपलं निराळं राज्य केलं. तिथे 'वेगळं निघालं' हेच लिहिते.